पहिलं अक्षर

महापे, एमआयडीसी. रात्रीचा एक चाळीस.
काचेपलीकडे सर्व्हर गारठ्यात घुमतायत,
अलीकडे मी, शाल, डब्यात उरलेली वालाची उसळ.
स्क्रीनवर दर पाच सेकंदांनी
चालू प्रश्नांची यादी नव्यानं उमटते.

आम्ही क्वेरी म्हणतो. पण प्रश्नच ते.
कुणाला उतारा हवाय, कुणाला वारसनोंद,
कुणी नुसतंच बघतंय, आपलं नाव आहे ना अजून.
बहुतेक यादीत दिसायच्या आत संपतात,
तापल्या तव्यावरच्या थेंबांसारखे.
माझी ओळख होते ती रेंगाळणाऱ्यांशी.

सत्र चारशे सतरा.
सुरू: काल संध्याकाळी पाच बावन्न.
स्थिती: शोधत आहे.
ठिकाण: बेलापूर, खिडकी सहा.

खिडकी सहाला बंद होते.
म्हणजे विचारणारा उठून गेला,
टाईप करणाराही दिवे मालवून घरी जेवला,
आणि प्रश्न तेवढा इथं
कोटीभर नोंदींची दारं एकेक करून वाजवतोय.
दिवसपाळीनं बघितला नाही,
की बघून सोडला, कोण जाणे.

उघडला.
टक्क्याचं चिन्ह, मग ‘सूराम’, मग ‘मढवी’.
टक्का म्हणजे, इथं काहीही असू शकतं.
शेवटी टाकला तर चालतो,
सूची बरोबर पान काढून देते.
पुढे टाकला की तिचे हात टेकतात,
पहिलं अक्षरच नाही, तर पान कुठलं काढू?
मग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत
प्रत्येकाच्या तोंडावर बॅटरी मारत जायचं.

कागदाची डावी कड वाळवीनं खाल्ली असेल.
हासूराम असेल. इकडे असतात हासूराम.
पण ‘असेल’चा पगार मला मिळत नाही.

नियम भिंतीवर आहे, लॅमिनेट केलेला:
तीस मिनिटांवर गेलं की मारा.
‘मारा’ हाच शब्द.
नवी मुलगी, शाल्मली, हळूच विचारते, बंद करू का?
मीही पहिल्या वर्षी बंदच म्हणायचे.

मागे एकोणीस जण खोळंबलेत.
तीनला रात्रीची बेरीज सुरू व्हायची,
ती अडली की सकाळी सगळ्याच खिडक्या अडतील.
तरी मी वेगळं सत्र उघडलं.
गावाचा रकाना त्यांनी मोकळाच ठेवला होता.
गोठिवली घातलं. शून्य.
घणसोली. शून्य.
महापे.

दोन सेकंद.
तीन ओळी.

ओळी उघडायचा मला अधिकार नाही.
मोजायचा आहे.
तीन, एवढंच मला कळू शकतं,
तीन भाऊ, की तीन तुकडे,
की एकाच माणसाला तीनदा लिहिलेलं.
जाळीच्या फरशीतून पायांना गार वारा लागत होता.
शाल्मली म्हणाली, मॅडम, दोन वाजले.

चारशे सतरा मारला.
मारला तरी लगेच मरत नाही,
हातातलं सगळं जागच्या जागी ठेवून मग जातो.
अकरा मिनिटं यादीत दिसत राहिला.
स्थिती: मागे घेत आहे.
मग पुढच्या पाच सेकंदांत ती ओळ नव्हती
आणि खालचे एकोणीस भसाभसा सुटले.

साडेनऊला, शिफ्ट संपल्यावर, मीच फोन केला.
खिडकी सहा, कोणी भगत.
म्हटलं, गाव घालून शोधा. महापे.
ते म्हणाले, मॅडम, आजोबांनी सांगितलं होतं गाव,
पण ड्रॉपडाउनमध्ये महापे दोनदा येतं,
एक जुनं, एक कंपन्यांचं,
म्हणून मी काहीच घातलं नाही.
आज येतील का ते?
या म्हटलंय. काल चौथी खेप होती त्यांची.

नोंदवहीत लिहायचं राहिलं होतं.
परत वर गेले, शाल्मलीकडून पेन घेतलं.
४१७. सात तास छप्पन्न मिनिटं. मारला.
कारणाच्या रकान्यात बोटभर जागा असते.
लिहिलं: पहिलं अक्षर नव्हतं.